फोन मिळेल, चिठ्ठी आणा

३ तारीख, सोमवार

ही वही भांडारातली आहे. पुठ्ठ्याचा कोपरा दुमडलेला, म्हणून कोणी नेत नव्हते. मी रीतसर मागणीचिठ्ठी भरली. मागणारा म्हणून सही केली, देणारा म्हणूनही केली, आणि घेतली. मधल्या वेळात टेबलाची बाजू बदलावी की नाही याचा थोडा विचार केला. शेवटी बदलली.

वहीचे कारण टेलिफोन. आमचा कारखाना वजनकाट्यांचा. मी तिथला भांडारपाल. स्प्रिंग असो, पारडे असो की वॉशर, माझ्याकडे चिठ्ठी आल्याशिवाय कपाटाबाहेर पडत नाही. पन्नाशीला दोन वर्षे उरली, आजवरच्या आयुष्यातली एकवीस या कपाटांत गेली. लोक मला भाऊ म्हणतात.

आज बाईसाहेबांनी खोलीत बोलावले. बाईसाहेब म्हणजे थोरल्या साहेबांची मुलगी. कारखाना आता त्या चालवतात. टेबलावर टेलिफोनचे बिल होते. नेहमी एक पान असते, हे चिकटवलेल्या पट्ट्यांसारखे लांब होते. शेजारी टेलिफोनच्या पेटीची दुरुस्ती करणारा माणूस बसला होता. त्याला आम्ही पेटीवालाच म्हणतो.

पेटीवाल्याने समजावले. बिलात दोन प्रकारचे परदेशी फोन होते. पहिले रात्रीचे, कोणत्या तरी बेटावर केलेले. ते बेट आमच्यापैकी कोणालाही नकाशावर सापडले नाही. हे बाहेरच्या चोरांचे काम. आमच्या निरोपपेटीचा, म्हणजे फोन कोणी उचलला नाही तर निरोप टिपून ठेवणाऱ्या सोयीचा, गुप्त आकडा चार शून्ये होता. पेटी बनवणाऱ्या कंपनीकडून आला तसाच ठेवला होता. चोरांनी बाहेरून फोन करून तो ओळखला आणि आमच्या लाइनीवरून जगभर बोलले.

"म्हणजे घरात शिरून चोरी नाही केली," पेटीवाला म्हणाला, "तुमच्या ओट्यावर बसून गप्पा मारल्या आणि बिल तुम्हाला."

दुसरे फोन दुपारचे. रोज तीनच्या सुमारास, एकाच परदेशी नंबरवर, वीस-वीस मिनिटे. असे सव्वीस. हे मात्र आतूनच झाले होते, ऑपरेटरबाईंच्या बोर्डावरून जोडलेले.

ऑपरेटरबाईंना बोलावले. बावीस वर्षे त्या आमच्या बोर्डावर आहेत. कोणत्याही गिऱ्हाईकाचा नंबर वही न उघडता सांगतात. बाईसाहेबांनी विचारले, "हे कोणाला जोडून दिलेत?"

त्या म्हणाल्या, "आठवत नाही."

"सव्वीस वेळा जोडलं आणि आठवत नाही?"

"एकदा असतं तर आठवलं असतं. रोजचं कोण लक्षात ठेवतं?"

बाईसाहेबांनी बिलाची घडी घातली. महिनाअखेरपर्यंत दुपारचा एकही तसला फोन गेला, तर ऑपरेटरबाईंची जागा रद्द आणि तिथे बोलणारी पेटी बसणार. ती स्वतःच फोन उचलते म्हणे. मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही एक वॉशर चिठ्ठीशिवाय सोडत नाही. आजपासून फोनही तुमच्या भांडारातला माल समजा."

मला वाईट वाटते ते ऑपरेटरबाईंचे. त्यांचे यजमान कामाला जात नाहीत आणि आजारीही नाहीत, म्हणजे घर त्यांच्यावरच. फोन त्यांनी केले नसणार. पण मग एवढी तल्लख बाई हे कसे विसरली? वयच म्हणायचे.

४ तारीख, मंगळवार

पेटीवाल्याबरोबर दिवसभर बसलो. निरोपपेटी बंद केली. संध्याकाळी सहानंतर बाहेर जाणारी लाइन बंद. मग माणसांच्या चार पायऱ्या केल्या: आतल्या आत बोलणारे, गावात बोलणारे, देशात बोलणारे, परदेशात बोलणारे. परदेशाची मोकळीक फक्त बाईसाहेबांना आणि मला. बाकीच्यांना आपल्या पायरीपलीकडचा फोन हवा असेल तर चिठ्ठी आणायची, मी जोडून देईन. प्रत्येकाला चार आकड्यांचा गुप्त पिन.

माणूस किती लांब बोलू शकतो, यावर त्याची पायरी ठरावी याचे मला नवल वाटले. प्रार्थना करताना आपण कोणत्या पायरीवर असतो? तिथे तर पिनही लागत नाही.

अडीचला नेहमीप्रमाणे थोरल्या साहेबांकडे गेलो. त्यांनीच हा कारखाना उभा केला. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, वरच्या मजल्यावर राहतात, कामात लक्ष घालत नाहीत. गेल्या वर्षी रक्तदाब वाढून खुर्चीशेजारी पडले, तेव्हापासून डॉक्टरांनी वाद घालायला बंदी केली आहे. त्यांच्या खोलीतला फोनही बाईसाहेबांनी तेव्हाच आतल्या आत करून टाकला. पूर्वी त्यांची जीभ म्हणजे करवत होती. आता इतके निवळले आहेत की रोज तीन वाजता खाली उतरून मापांच्या खोलीत दार लावून एकटे बसतात. त्या खोलीत प्रमाणवजने काचेखाली ठेवलेली असतात, तिथे कोणी फिरकत नाही. बाहेरून जाताना मला त्यांचे पुटपुटणे ऐकू येते. मी यास साधना म्हणतो. दारापाशी क्षणभर हात जोडून पुढे जातो.

ऑपरेटरबाईंचे प्रकरण त्यांना सांगितले नाही. उगाच त्रास. फक्त कुलपांची योजना सांगितली. त्यांनी फार बारकाईने विचारले, कोणता फोन कुठपर्यंत जातो, पिन कुठून टाकला तरी चालतो का. या वयात एवढी जिज्ञासा.

"पिन लक्षात कसा ठेवणार रे तू?"

मी म्हणालो, "साहेब, मी रुजू झालो त्या दिवशी आपण मला वजनांची पहिली पेटी सोपवलीत. तिचा क्रमांक ठेवला. पंचवीस सव्वीस."

त्यांचे डोळे ओलावले. तो आकडा त्यांनी दोनदा म्हणून पाहिला.

६ तारीख, गुरुवार

चिठ्ठ्या येऊ लागल्या. माझ्या नेहमीच्याच छापील चिठ्ठ्या वापरतो: मागणारा, माल, नग, कारण, परत केलेला माल. फोनच्या बाबतीत शेवटच्या रकान्यात काय लिहावे यावर बराच विचार केला. शेवटी "बोलणे संपले" असे लिहितो.

रंगाऱ्याची चिठ्ठी आली. माल: फोन. नग: एक. कारण: सासू.

मी विचारले, "हे काय कारण झालं?"

"भाऊ, मी केला तर पाच मिनिटांत आटपतो. तिने केला तर अर्धा दिवस जातो. कारखान्याचंच नुकसान."

मंजूर केली. ऑपरेटरबाई बोर्डावरून पाहत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, शिंक आली तर चिठ्ठी कोणत्या रंगाची?"

मी सांगितले, अजून तसा नियम नाही. त्या हसल्या. नोकरी टांगणीला असताना ही बाई हसते कशी कळत नाही. मी असतो तर जेवण गेले नसते.

७ तारीख, शुक्रवार

जेवताना घरी सगळे सांगितले. थोरल्यांच्या साधनेचेही सांगितले, की आज तर आतून हसण्याचा आवाज आला.

सौ. म्हणाली, "अहो, ध्यानाला बसलेला माणूस हसतो का?"

"आनंद झाला की हसतो."

"आणि 'लबाडा' म्हणतो?"

ते मला तिला सांगायलाच नको होते. असे शब्दही कधी कधी देवाशी जवळीक वाढल्यावर निघतात. तिला त्यातले गम्य नाही. ती वाढता वाढता माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "तुमच्यासारख्याला परदेशाचा पिन दिलाय म्हणजे त्या बाईंचं काही खरं नाही."

१० तारीख, सोमवार

पेटीवाल्याने आठवड्याचा कागद दिला. दुपारी तीनला, त्याच परदेशी नंबरवर, चार फोन. मापांच्या बाजूच्या एका टेलिफोनवरून, असे काहीतरी तो म्हणाला. पुढचे मला ऐकूच आले नाही. कारण पिनच्या रकान्यात २५२६ होते.

माझा पिन.

कागद घडी करून खिशात ठेवला. मग काढून पुन्हा पाहिला. आकडा तोच.

११ तारीख, मंगळवार

स्वतःवर शंका घेतली. माणूस झोपेत चालतो, तसा मी दुपारी बोलत असेन काय? तीन वाजता मी चहाला जातो एवढे नक्की आठवते. पण चोरालाही आपण चहा घेत होतो असेच आठवत असेल. गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, हिशेब चुकला तर आधी स्वतःचा हातचा तपास. तो तपासला. मी त्या नंबरच्या देशात कोणाला ओळखत नाही. त्या देशाची भाषाही येत नाही.

बाईसाहेबांपुढे कागद ठेवला. लपवून काय उपयोग.

त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यावर माझा संशय नाही. पिन कोणाला सांगितलात?"

"एकालाच. त्यांचं नाव या संदर्भात घेता येणार नाही."

"देवाला सांगितलात?"

"जवळजवळ."

त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे ऑपरेटरबाईंनी ऐकला. बोर्डावर बसून सगळ्यांचं ऐकू येतं." त्यांनी तिथल्या तिथे बोलणाऱ्या पेटीची मागणी पाठवली. मी म्हणालो, महिना संपलेला नाही. त्या म्हणाल्या, मागवायला वेळ लागतो. तोवर मी माणूस पकडला तर बघू.

म्हणजे आता माझ्यावर आले. महिना अठ्ठावीसचा, म्हणजे सतरा दिवस आहेत.

१२ तारीख

आज चहा घेतला नाही. प्रायश्चित्त म्हणून. डोके दुखले, बाकी काही प्रकाश पडला नाही.

१४ तारीख, शुक्रवार

पिन बदलला. शिवाय पेटीवाल्याने नवी सोय केली: आमच्या कोणत्याही फोनवरून परदेशी नंबर लागला की भांडारातल्या माझ्या फोनची घंटी वाजेल आणि कुठून लावला तो आतला क्रमांक छोट्या काचेवर दिसेल. येत्या सोमवारपासून सुरू.

अडीचला थोरल्यांचा सल्ला घेतला. त्यांनी घंटीचे फार कौतुक केले. म्हणाले, "पण त्यापायी तीनचा चहा चुकवू नकोस. मागे उपाशी राहिलास तर चेहरा उतरला होता तुझा."

एवढ्या मोठ्या माणसाचे माझ्या चेहऱ्याकडे लक्ष होते.

मग विचारले, "पिन बदललास ना?"

या वेळी मी सावध होतो. म्हणालो, "साहेब, माफ करा, कोणालाही सांगायचा नाही असं ठरवलंय."

"शाबास. मला मुळीच सांगू नकोस. फक्त सोपा तर नाही ना?"

"नाही साहेब. लग्नाचं वर्ष उलटं लिहिलंय."

"मग कोणाच्या बापाला सापडणार नाही," ते म्हणाले.

माझ्या लग्नाला ते आले होते, पहिल्या ओळीत बसले होते. त्यांनी दिलेला घड्याळाचा नग अजून भिंतीवर आहे. जुनी माणसे.

१७ तारीख, सोमवार

घंटी वाजल्याचे कोणी ऐकले नाही. पण काचेवर खूण होती, तीन वाजून सात मिनिटांची. मी चहाला गेलो होतो. पिन नवा.

घरी सौ.ला हे सांगितले तर ती ताट तसेच ठेवून हसत सुटली. म्हणाली, "उद्या चहा भांडारात मागवा. आणि घंटी वाजली की पळत जा. हात जोडायला थांबू नका."

१८ तारीख, मंगळवार

आजचे नीट लिहितो.

चहा भांडारातच घेतला. तीन वाजून नऊ मिनिटांनी घंटी वाजली. काचेवर १४. चौदा म्हणजे मापांची खोली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की कोणी चोर आत शिरला आहे आणि थोरले तिथे एकटे बसले आहेत. मी पाच किलोचे वजन उचलून धावलो.

दार ढकलले. थोरले साहेब स्टुलावर बसले होते, पाय दुसऱ्या स्टुलावर. कानाला फोन. प्रमाणवजनांवरची काच बाजूला करून तिथे त्यांनी चष्मा ठेवला होता.

"तुझा काटा डाव्या अंगाला अर्धा ग्रॅम खात होता," ते सांगत होते. "खात होता म्हणजे खात होता. सगळा बाजार साक्षीला आहे. काय म्हणालास? मेलेत? साक्षीदार मेले म्हणून काटा सरळ होतो का, लबाडा?"

मग त्यांना मी दिसलो. "थांब जरा," ते फोनमध्ये म्हणाले, "माझा भांडारपाल आलाय. हातात वजन आहे. तुला मारायला आलाय असं दिसतं, पण तू लांब आहेस."

मी म्हणालो, "साहेब, ही साधना..."

"कसली साधना?"

फोनच्या पलीकडे वाकड्या होता. हे नाव साहेबांनीच ठेवलेले. समोरच्या रस्त्याला त्याचा काट्यांचा कारखाना होता, चाळीस वर्षे दोघांचे वैर. म्हातारपणी तो मुलाकडे परदेशी गेला. त्याच्याशी भांडतानाच गेल्या वर्षी साहेब पडले होते, म्हणून बाईसाहेबांनी तोच फोन बंद केला होता. मग साहेबांनी ऑपरेटरबाईंकडून जोडून घ्यायला सुरुवात केली. आणि कुलपे आल्यावर माझ्याकडून.

मी तिथेच वजनपेटीवर बसलो. एरवी कोणी बसले तर मी ओरडतो. मग म्हणालो, "साहेब, या फोनपायी ऑपरेटरबाईंची नोकरी जातेय."

त्यांनी ऐकले. पलीकडून वाकड्या काहीतरी ओरडत होता. साहेबांनी त्याला काही न सांगता फोन ठेवून दिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"आपल्याला त्रास होऊ नये म्हणून."

"मी पण तुला त्याचसाठी नाही सांगितलं," ते म्हणाले. बराच वेळ काचेवरची धूळ बोटाने पुसत राहिले. मग हात पुढे केला. "चिठ्ठी आण."

मी आणली. त्यांनी चष्मा लावून भरली. मागणारा: स्वतःचे पूर्ण नाव. माल: परदेशी फोन. नग: रोज एक. कारण: भांडण. परत केलेला माल हा रकाना त्यांनी कोरा ठेवला. ती चिठ्ठी घेऊन काठी टेकत स्वतः बाईसाहेबांच्या खोलीत गेले आणि दार लावले.

१९ तारीख, बुधवार

मला वाटले होते, सगळे मिटले. नाही मिटले.

साहेबांनी सगळे कबूल केले. पण बाईसाहेब म्हणतात, ऑपरेटरबाईंना सगळे माहीत होते आणि त्या तोंडावर "आठवत नाही" म्हणाल्या. फसवणूक ती फसवणूक, बाहेरच्यांनी केली काय आणि आतल्यांनी केली काय. बोलणारी पेटी येणारच. चौदा नंबरचा फोन कापायचा, साहेबांना परदेश पूर्ण बंद.

मी एवढेच म्हणालो, "साहेबांना फार लागेल."

"ते पडले तेव्हा खाली कोण धावत आलं होतं?" त्यांनी विचारले. "मी. डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला ओळखत नव्हते. अर्ध्या ग्रॅमसाठी, भाऊ."

चौदा नंबर मीच उपसून भांडारात जमा केला.

बोर्डापाशी गेलो. ऑपरेटरबाईंना विचारले, "तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"तुम्ही सोडून सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. रंगाऱ्याकडे पैज लागायची, आज आधी कोण फोन आपटणार."

"मग मला का नाही कोणी सांगितलं?"

"भाऊ, तुम्ही दाराबाहेर हात जोडून उभे राहायचात. कोणाच्यानं सांगवेल?"

"पण तुमची नोकरी जातेय."

त्यांनी एक फोन घेतला, जोडला, मग म्हणाल्या, "एकदा साहेबांना सांगून बसले की नाव घेणार नाही. मग शब्द बदलायचा कसा?" आणि थोड्या वेळाने, "घरी अजून सांगितलं नाही. ह्यांना कळलं तर काम शोधायला निघतील, आणि त्यांना सवय नाही."

२१ तारीख, शुक्रवार

साहेब तीन दिवस खाली उतरले नाहीत. अडीचला गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. पुढच्या वर्षीच्या वजनतपासणीचे विचारले, "तू बघ" म्हणाले.

मी म्हणालो, "ते स्वतः आपल्याला फोन करतील की."

"वाकड्या? इतक्या वर्षांत एकदा केला नाही. जो आधी फोन लावतो तो हरला, असं त्याचं म्हणणं. म्हणून मी रोज हरायचो आणि मग वीस मिनिटांत वसूल करायचो."

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. मन लागले नाही. मी कुलूप लावले ते बरोबरच लावले, एक नटही चुकीचा नाही. तरी आत कोणीतरी कोंडला गेला असे वाटत राहिले. देवाकडे काही मागावे म्हटले तर मागायचे काय? माल: काय लिहू? कारण: काय लिहू?

२४ तारीख, सोमवार

बोलणारी पेटी आली. एक नग, खोक्यासह, ओरखडा नाही. जमा केली. गुरुवारी चाचणी.

२७ तारीख, गुरुवार

सकाळी पेटीवाल्याने बोलणारी पेटी बोर्डाला जोडली. ऑपरेटरबाईंना बाईसाहेबांचा निरोप होता: बसायचे, फोन उचलायचा नाही. त्या बसल्या, हात मांडीवर. चाचणी म्हणून पेटीवाल्याने आवाज मोठा ठेवला होता, म्हणून सगळे ऐकू येत होते.

फोन वाजला की पेटी गोड आवाजात सांगायची, विक्रीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन दाबा. काही जण दाबायचे. काही जण "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायचे. ऑपरेटरबाई प्रत्येक आवाजाला हळूच नाव सांगत होत्या. हा धान्यबाजारवाला, याचा काटा अडकलाय. ही दवाखान्याची बाई, हिला घाई आहे. ठेवला. ठेवला.

तीनला दहा मिनिटे कमी असताना एक आवाज आला. फार लांबचा, खरखरीत.

"कोण बोलतंय?"

"विक्रीसाठी एक दाबा."

"कशासाठी? काय दाबा? म्हाताऱ्याला बोलव."

पेटीने तीनदा सांगितले आणि फोन ठेवून दिला. दोन मिनिटांनी पुन्हा तोच. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो ओरडला, "नऊ दिवस झाले. मेला का तो? मेला असेल तर सांगा, म्हणजे मी उगाच पैसे घालवत बसत नाही."

ऑपरेटरबाई ताठ झाल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊ, नियम काय म्हणतो?"

नियमांचा कागद बोर्डाशेजारी मीच चिकटवला होता. अकरा नियम, खाली बाईसाहेबांची सही. मी पहिल्यापासून वाचले. बाहेर जाणारा फोन. बाहेर लावायचा फोन. बाहेरच्या फोनचा पिन. अकराही बाहेर जाणाऱ्याचेच. पेटी म्हणत होती, दुरुस्तीसाठी दोन दाबा.

"आत येणाऱ्याबद्दल काही नाही," मी म्हणालो.

"आणि फोन उचलू नये, हा निरोप?"

तो निरोप होता, यात शंका नाही. पण तो लेखी नव्हता, आणि माझ्या भांडारात तोंडी निरोपावर काही चालत नाही. तसे मी त्यांना सांगितले.

त्यांनी पेटीची तार उपटली आणि फोन घेतला. "मेले नाहीत. तुमच्यावर रुसून बसलेत. ठेवू नका, जोडते." आणि वरच्या खोलीत जोडून दिला. तो फोन आतल्या आत आहे, म्हणजे आतून आलेला घेऊ शकतो.

आधी काहीच ऐकू आले नाही. मग छतातून साहेबांचा आवाज आला. "तू लावलास. आज तू आधी लावलास. आता अर्धा ग्रॅम विसर, मला हेच पुरे आहे मरेपर्यंत."

बाईसाहेब खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी उपटलेली तार पाहिली, आम्हाला पाहिले, आणि रक्तदाबाचे यंत्र उचलून जिना चढल्या. मी देवाचे नाव घ्यायला सुरुवात केली. ऑपरेटरबाई आलेले इतर फोन जोडत राहिल्या. पाव तासाने बाईसाहेब यंत्र तसेच घेऊन खाली आल्या.

"किती आहे?" मी विचारले.

"मोजूच देईनात. म्हणाले, थांब, जिंकतोय." त्या शेवटच्या पायरीवर बसल्या. मी त्यांना पायरीवर बसलेले पहिल्यांदाच पाहिले. "पलंगाच्या कठड्याला धरून उभे आहेत. आठवडाभर उठून बसले नव्हते."

मग पेटीवाल्याला म्हणाल्या, "आज या पेटीने किती जणांचे फोन ठेवून दिले?"

त्याने काचेवर पाहिले. "एकोणीस. म्हणजे त्यांनीच दाबलं नाही."

"त्या एकोणीस जणांना कोणी फोन केला का परत?"

"मी केला," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "आत्ताच. सतरा झाले. धान्यबाजारवाला लागत नाही आणि एक तर वरच बोलतोय."

बाईसाहेब पायरीवरून उठल्या. "भाऊ, पेटी परत पाठवा," त्या म्हणाल्या. आणि ऑपरेटरबाईंना, "यापुढे तुम्हाला काही आठवलं नाही, तर ते आधी मला येऊन सांगा."

"हो बाईसाहेब."

"आणि वीस मिनिटं झाली की तोडा त्यांचा."

"झाली की तोडते," ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्या बोर्डावरचे घड्याळ सुस्त आहे, त्याची वीस मिनिटे व्हायला खरी बत्तीस लागतात. हे मला आज कळले, आणि मी ते कोठेही नोंदवले नाही.

२८ तारीख, शुक्रवार

बोलणारी पेटी खोक्यात भरली. परतीची चिठ्ठी केली. माल, नग, स्थिती हे सोपे होते. परतीचे कारण या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो. बिघाड म्हणावा तर बिघाड नाही. नापसंत म्हणावे तर पेटीचा आवाज खरोखर गोड होता. शेवटी लिहिले: "माल उत्तम. आमच्याकडे माणूस आहे."

सहीसाठी बोर्डापाशी नेली. ऑपरेटरबाईंनी कान फोनला ठेवूनच वाचली, माझ्या हातातले पेन घेतले, "माणूस"वर रेघ मारली आणि वर लिहिले, "बाई".

चिठ्ठीवर खाडाखोड चालत नाही. म्हणून मी शेजारी सही केली, तारीख घातली, आणि खोके रवाना केले.